बाराव्या वर्षी दिलेला नकार

त्याच्या फाईलमध्ये, साधारण मध्यावर, एक वाक्य होते : ‘मुलीला दत्तक जाण्याची इच्छा नाही.’ वाक्याखालच्या तारखेला तो बारा वर्षांचा होता. मी ती फाईल वाचायला घेतली तेव्हा त्याला सतरावे लागले होते, आणि मधल्या प्रत्येक अहवालात ते वाक्य, त्यातल्या ‘मुलीला’ या शब्दासकट, जसेच्या तसे उतरवून घेतले गेले होते. त्याला तो प्रश्न पुन्हा कोणी विचारल्याची नोंद मात्र कुठेही नव्हती.

मी लॉस एंजेलिस काउंटीत ‘कासा’ म्हणून स्वयंसेवा करते. ज्या मुलांना आईवडिलांपासून दूर करून सरकारने आपल्या ताब्यात घेतलेले असते, त्यांच्यापैकी एकेका मुलासाठी न्यायालय एकेक सामान्य नागरिक नेमते. त्याने मुलाला नियमित भेटावे, शाळेशी, डॉक्टरांशी, नातेवाइकांशी बोलावे आणि मुलाचे हित कशात आहे ते न्यायाधीशांना लेखी कळवावे, अशी ही व्यवस्था आहे. सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सुकप यांनी ती 1977 मध्ये सुरू केली. तीस तासांचे प्रशिक्षण झाले, शपथ झाली आणि हा मुलगा माझ्याकडे आला. त्याची ओळख पटेल असे सर्व तपशील मी येथे बदलले आहेत.

कॅलिफोर्नियात बारा वर्षांवरील मुलाची संमती असल्याशिवाय त्याचे दत्तकविधान होत नाही. हा नियम मुलांच्या बाजूचा आहे आणि तो असायलाच हवा; परंतु बारा वर्षांच्या मुलाचे ‘नाही’ हे कायमचे उत्तर मानायचे, की त्या दिवसाचे, हे कायदा सांगत नाही. चौथ्या भेटीत, डोनटच्या दुकानात बसलो असताना, मी त्याला त्या नकाराविषयी विचारले. तो थोडा वेळ कागदी रुमालाच्या घड्या घालत राहिला आणि मग म्हणाला, की ज्या जोडप्याकडे त्याला नेणार होते त्यांनी त्याच्यासाठी खोली सजवून ठेवली होती, तिचे फोटोही त्याला दाखवले होते आणि ती खोली एका मुलीची होती. आपण मुलगी नाही हे त्याला तेव्हा कळू लागले होते, पण ते सांगायला शब्द नव्हते. ‘नाही’ हा एक शब्द तेवढा होता.

असा मुलगा हा अपवाद असेल असे मला वाटत होते. तसे नाही. विल्यम्स इन्स्टिट्यूटने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीसाठी आमच्याच काउंटीतल्या, 12 ते 21 या वयोगटातल्या 786 मुलांशी बोलणे झाले होते, आणि त्यांच्यापैकी सुमारे 19 टक्के मुलांनी आपण समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर किंवा अजून स्वतःला चाचपडत असलेले आहोत असे सांगितले होते. न्यूयॉर्क शहरात 2020 मध्ये असेच विचारले गेले, तेव्हा हे प्रमाण तीनात एकाहून थोडे अधिक निघाले. लॉस एंजेलिसच्या पाहणीतली मला अधिक बोचलेली गोष्ट वेगळी आहे : ही मुले कुटुंबाऐवजी ग्रुप होममध्ये, म्हणजे पगारी कर्मचाऱ्यांनी चालवलेल्या निवासात, राहत असण्याचे प्रमाण इतर मुलांच्या दुपटीहून अधिक होते.

अशा निवासांत चांगली माणसे असतात, पण ती पाळीने येतात. रात्री अकराला ज्या बाईंपाशी मुलाने मन मोकळे केले, त्या सकाळी सातला घरी गेलेल्या असतात आणि नाश्त्याच्या टेबलापाशी दुसरेच कोणी हजेरी घेत उभे असते. हा मुलगा ज्या निवासात होता तेथे त्याला पहिले काही आठवडे मुलींच्या मजल्यावर ठेवले होते, कारण फाईलमध्ये तसे लिहिले होते. फोस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारी ताब्यातल्या मुलांच्या तात्पुरत्या संगोपनात, अशा मुलांशी भेदभाव होऊ नये यासाठी कॅलिफोर्नियाने 2003 मध्येच कायदा केला आणि मुलाला त्याच्या स्वतःच्या लिंगओळखीनुसार ठेवावे असा कायदा 2015 मध्ये झाला. मी तो कायदा दाखवला, मजला बदलला. त्या दिवशी मला फार मोठे काम केल्यासारखे वाटले होते. प्रत्यक्षात त्याच इमारतीत त्याचा जिना तेवढा बदलला होता.

येथील बालकल्याणाच्या भाषेत ‘पर्मनन्सी’ असा एक शब्द सतत येतो. मूल तात्पुरत्या घरांतून फिरत राहू नये, त्याला कायमचे कोणीतरी मिळावे, असा त्याचा अर्थ. मागच्या 22 महिन्यांपैकी 15 महिने मूल सरकारी देखरेखीत राहिले, तर काही अपवाद वगळता आईवडिलांचे हक्क संपवण्यासाठी अर्ज करावा, असे 1997 चा केंद्रीय कायदा सांगतो, तो याच हेतूने. लहान मुलांना त्यानंतर घरे मिळतात. वाढत्या वयाच्या मुलांसाठी मात्र एक पळवाट होती : अहवालात ‘अन्य नियोजित व्यवस्था’ या चौकटीत खूण करायची, म्हणजे मुलाने अठरा वर्षे भरेपर्यंत आहे तेथे राहावे आणि मग स्वतंत्र व्हावे. 2014 च्या कायद्याने सोळा वर्षांखालील मुलांसाठी ही चौकट बंद केली. आमच्या मुलाने सोळा ओलांडल्यामुळे ती त्याच्यासाठी खुली होती आणि तेथे खूण झालेलीही होती. कॅलिफोर्नियात 2012 पासून मदत एकविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते, त्यामुळे त्याला पैसे आणि खोली मिळाली असती हे खरे. परंतु बाविसाव्या वर्षी अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले तर दवाखान्याच्या कागदावर ‘जवळचे नातेवाईक’ म्हणून कोणाचे नाव लिहायचे, याचे उत्तर त्या चौकटीत नसते.

नवे कुटुंब शोधण्यापूर्वी जुने शोधावे हे मला प्रशिक्षणात शिकवले गेले होते. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा येथे केव्हिन कॅम्बेल यांनी 1999 च्या सुमारास, युद्धात ताटातूट झालेल्यांना शोधण्याची रेड क्रॉसची पद्धत पाहून, फोस्टर केअरमधल्या मुलांच्या नातेवाइकांचा माग काढण्याची एक रीत बसवली. तिचा गाभा अगदी साधा आहे. फाईल पहिल्या पानापासून पुन्हा वाचायची, तिच्यात येऊन गेलेले प्रत्येक नाव कागदावर उतरवायचे आणि मग मुलासमोर बसून त्या प्रत्येक नावाविषयी विचारायचे. आमच्या कागदावर एकवीस नावे झाली. बऱ्याच नावांपुढे त्याने फुली मारली, एका नावापुढे मारली नाही. ती त्याच्या आजीची धाकटी बहीण होती, बेकर्सफील्डला राहणारी, आणि तो सहा वर्षांचा असताना एक उन्हाळाभर तिच्याकडे राहिला होता.

तिच्याविषयी फाईलमध्ये नोंद होती : ‘कुटुंब अत्यंत धार्मिक. मुलीच्या सध्याच्या ओळखीमुळे अनुरूप नाही.’ ही नोंद दोन वर्षांपूर्वीची होती. ज्याने ती केली त्याने त्या बाईंना फोन केल्याची नोंद नव्हती.

ही नोंद द्वेषातून झाली नव्हती, मुलाच्या काळजीपोटीच झाली होती, आणि म्हणूनच ती मला अधिक गंभीर वाटते. आपण उदारमतवादी माणसेही एखाद्या घरातला देव्हारा पाहून त्या घराचा निकाल लावून मोकळे होतो.

माझ्या अहवालावरून न्यायाधीशांनी भेटीचा आदेश दिला. त्या बाईंनी तीस वर्षे द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये काढलेली. मी सांगलीची असल्यामुळे आमचा पहिला अर्धा तास द्राक्षांवरच गेला, आणि त्याचा पुढे उपयोग झाला. त्यानंतर त्यांनी स्पष्ट सांगितले, की हे सारे त्यांना समजत नाही आणि पटतही नाही. मुलाच्या समाजसेविकेने त्यांना पटवण्याचा प्रयत्न केला नाही. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या केटलिन रायन यांनी अनेक वर्षे अशा मुलांच्या घरांचा अभ्यास केला आहे. ज्यांना घरच्यांनी तीव्रपणे झिडकारले अशा तरुणांत आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण, जिथे झिडकारणे नव्हते किंवा अगदी थोडे होते त्यांच्या तुलनेत, 8.4 पट होते, असे त्यांच्या 2009 च्या लेखात आहे. पण त्यांच्या कामाचा माझ्या दृष्टीने मोलाचा भाग असा, की रायन कुटुंबांना श्रद्धा बदलायला सांगत नाहीत. मुलाला कोणते वागणे इजा करते आणि कोणते सावरते, ते दाखवतात. समाजसेविकेने तीनच मागण्या ठेवल्या : केस आणि कपडे त्याच्या मनासारखे असावेत, घरात कोणी त्याची टर उडवली तर मोठ्यांनी तिथल्या तिथे थांबवावे आणि तो ‘बरा’ व्हावा म्हणून प्रार्थना करू नये. बाईंनी पहिल्या दोन मान्य केल्या. तिसरीवर घासाघीस झाली आणि प्रार्थना त्या करतील, पण त्याच्यासमोर किंवा त्याला ऐकू जाईल अशी करणार नाहीत, यावर ती मिटली. मला हे हास्यास्पद वाटले होते. त्याला वाटले नाही. ‘निदान ती खोटे बोलली नाही,’ असे तो परतीच्या वाटेवर म्हणाला.

भाषेची गंमत अशी, की त्याचे इंग्रजी नाव त्यांनी तुलनेने लवकर स्वीकारले. अडले ते घरच्या स्पॅनिशपाशी. लाडाने हाक मारायची तर मुलीला ‘मिहा’ आणि मुलाला ‘मिहो’, आणि तोंडात बसलेले असते ते बाहेर येते. मराठी माणसाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. ‘आलीस का’ आणि ‘आलास का’ यांच्यामधून निसटायला आपल्याकडे जागाच नाही. हा लेख लिहितानासुद्धा त्याच्या बालपणाच्या वाक्यांपाशी मी दोनदा थांबले आहे. बाई ‘मिहा’ म्हणत, थबकत आणि ‘मिहो’ म्हणत. काही महिन्यांनी ते थबकणेच त्याला आवडू लागले असावे असा मला संशय आहे.

प्रत्येक घराबाबत असे होत नाही. जिथे मुलाला मारहाण होते, ‘सुधारण्यासाठी’ कोणाकडे तरी पाठवले जाते, तिथे रक्ताच्या नात्यापायी त्याला परत धाडणे हा गुन्हाच आहे. अशा मुलासाठी नवे घर शोधावे लागते आणि तेही त्याचेच नाव घेऊन शोधावे लागते. डेव्ह थॉमस फाउंडेशनच्या, एकेका मुलासाठी स्वतंत्र शोध घेणाऱ्या कार्यक्रमाचे 2011 मध्ये मूल्यमापन झाले तेव्हा असा शोध घेतलेल्या मुलांची दत्तक जाण्याची शक्यता इतर मुलांच्या 1.7 पट आढळली होती. इच्छुक पालकांच्या बैठकांना मी दोनदा गेले आहे. ‘मूल गे असले तरी आम्हाला चालेल’ असे म्हणणारे तिथे पुष्कळ भेटतात, आणि आपल्याकडे स्थळे पाहताना ‘चालेल’ हा शब्द कोणत्या सुरात उच्चारला जातो ते ज्यांनी ऐकले आहे, त्यांना माझी अस्वस्थता कळेल. समलिंगी जोडपी त्या बैठकांना आपले प्रश्न वहीत लिहून आणतात.

आपल्याकडे काय, असे पुण्याच्या मैत्रिणीने विचारले, म्हणून थोडक्यात. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना मुलाला संस्थेऐवजी कुटुंबात ठेवण्यासाठी पैसे देते, ही मोठी जमेची बाजू आहे. परंतु 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या बाराव्या कलमात, जवळचे कुटुंब सांभाळू शकत नसेल तर न्यायालय त्या व्यक्तीला पुनर्वसन केंद्रात ठेवण्याचा आदेश देईल, असे आहे. घरातून थेट केंद्रात. मधे एखादी मावशी, शेजारीण किंवा शिक्षक असू शकतो हे त्या कलमाला सुचलेले नाही. मानलेला भाऊ, मानलेली मुलगी असे शब्द रोज वापरणाऱ्या समाजाच्या कायद्यात हे असावे, याचे नवल वाटते.

गेल्या वसंतात आजीबहिणीला त्याचे कायदेशीर पालकत्व मिळाले. दत्तकविधान त्यालाच नको होते. आईशी असलेले कागदोपत्री नाते त्याला तोडायचे नव्हते, आणि या वेळी नकाराचे कारण त्याने स्वतः न्यायाधीशांना सांगितले. खटला बंद झाला, त्याबरोबर माझी नेमणूकही संपली. त्याआधी आम्ही फोस्टरक्लब या संस्थेचा ‘पर्मनन्सी पॅक्ट’ नावाचा कागद भरला. मोठ्या माणसाने तरुणाला आयुष्यभर कोणती मदत द्यायची त्याची त्यात यादी असते : सणाला घर, अडचणीत झोपायला जागा, कपडे धुवायला मशीन, नोकरीचा सल्ला. आजीबहिणीपुढे त्याने जवळजवळ सगळ्या ओळींवर खुणा केल्या. माझ्या वाट्याला दोन आल्या, आयकराचा अर्ज आणि गाडी चालवण्याचा सराव. पहिले काम एप्रिलमध्ये झाले. दुसऱ्यासाठी मी महिन्यातून एका शनिवारी बेकर्सफील्डला जाते आणि तो रस्त्यावर डावीकडे वळताना अजून घाबरतो.