स्ट्रूपचा प्रयोग फसतो तो दुसऱ्या कार्डावर

बोधनिक मानसशास्त्राच्या (विचार, स्मृती, लक्ष यांचा अभ्यास) पहिल्या वर्षात अवधानाचं, म्हणजे लक्ष देण्याचं, प्रकरण आलं की स्ट्रूपचं प्रात्यक्षिक ठरलेलं. हिरव्या शाईत छापलेला ‘लाल’ हा शब्द समोर येतो, आणि तो न वाचता ‘हिरवा’ म्हणायचं असतं. जीभ अडखळते, वर्गात हशा पिकतो, आणि सगळ्यांचं लक्ष त्या गमतीच्या कार्डाकडेच राहतं. प्रत्यक्षात प्रयोग उभा असतो तो तुलनेच्या कार्डावर, म्हणजे ज्यात नुसते रंग ओळखायचे असतात त्याच्यावर. ते ढिसाळ झालं, तर वेळेतला फरक कशामुळे आला हे सांगताच येत नाही.

ज्याच्या नावाने हा प्रयोग ओळखला जातो त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूपने 1935 साली ही तुलना काटेकोरपणे केली होती. त्याच्या कार्डांवर 100 नग होते आणि रंग पाच. साध्या रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी 63.3 सेकंद लागले, तर विसंगत शब्दांच्या, म्हणजे शब्द एका रंगाचा आणि शाई दुसऱ्या रंगाची अशांच्या, शाईचे रंग सांगायला 110.3. उलट बाजूही त्याने तपासली. रंगीत शाईतले शब्द नुसते वाचायला काळ्या शाईच्या मानाने फक्त 2.3 सेकंद जास्त लागले. शब्द रंगाला अडवतो, रंग शब्दाला जवळपास अडवत नाही. हा एकतर्फीपणा हेच या प्रयोगाचं मर्म आहे. म्हणून तीन कार्डं करा: काळ्या शाईतले शब्द, नुसते रंग, आणि विसंगत शब्द. तिसरं कार्ड दोनदा वापरायचं, एकदा शब्द वाचायला आणि एकदा रंग सांगायला.

रंग चार पुरेत: लाल, निळा, हिरवा, जांभळा. पिवळा पांढऱ्या कागदावर फिका पडतो, म्हणून तो नको. पण जांभळा छापून बघा. साध्या प्रिंटरवर तो निळ्याजवळ जातो आणि ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच दिसतात. तसं झालं तर त्याच्या जागी तपकिरी घ्या. कार्डाला चकचकीत लॅमिनेशन करू नका, दिव्याची तिरीप पडते.

चार रंगांतून शब्द आणि शाई यांच्या 12 विसंगत जोड्या होतात. प्रत्येक जोडी चारदा घेतली की 48 नग, म्हणजे 8 ओळी आणि ओळीत 6. यात प्रत्येक शाई बरोबर 12 वेळा येते. 40 किंवा 50 नग घेतले तर हे गणित बसत नाही. जोड्यांच्या चिठ्ठ्या करून मांडा आणि क्रम दोनदा तपासा. लागोपाठ एकच शाई नको, हे बहुतेकांना सुचतं. दुसरी अट सहसा निसटते: आधीच्या नगातला शब्द पुढच्या नगाचं उत्तर होता कामा नये. निळ्या शाईतला ‘लाल’ आला, तेव्हा ‘लाल’ हा उच्चार दाबून धरावा लागला. लगेच लाल शाईतला ‘हिरवा’ आला, तर नुकताच दाबलेला ‘लाल’ आता ओठांवर आणायचा. तिथे जादा उशीर होतो, आणि तो तुमच्या सरासरीत गुपचूप मिसळतो.

आता दुसरं कार्ड. सर्रास त्यावर, स्ट्रूपप्रमाणेच, मोठे रंगीत चौकोन काढले जातात. चौकोनात रंग भरपूर असतो, अक्षरांच्या रेघा मात्र बारीक असतात. मग तिसऱ्या कार्डाला लागलेला जादा वेळ अर्थाच्या अडथळ्यामुळे की रंग कमी दिसल्यामुळे? त्यापेक्षा ‘××××’ अशा फुल्या शब्दांच्याच आकारात, तितक्याच जाड ठशात छापा. शिवाय शाईंचा क्रम दोन्ही कार्डांवर तंतोतंत एकच ठेवा. ‘लाल’ म्हणायला ‘जांभळा’पेक्षा कमी वेळ लागतो. क्रम एकच असला की बोलण्याचा वेळ दोन्हीकडे सारखा पडतो.

प्रयोग घेताना वाचनाची दोन कामं आधी उरका. रंग सांगण्याचा भरपूर सराव झाला की वाचनातही अडथळा दिसू लागतो, हे स्ट्रूपलाच आढळलं होतं. रंग सांगताना निम्म्या प्रयुक्तांना (ज्यांच्यावर प्रयोग होतो त्यांना) दुसरं कार्ड आधी द्या, निम्म्यांना तिसरं. आधी 8 नगांचा सराव वेगळ्या कार्डावर घ्या. रंग ओळखण्यात अडचण आहे का, तेही तिथेच कळतं. कार्ड पालथं ठेवून, उलटताच घड्याळ सुरू करा. चूक झाली तर प्रयुक्ताने सुधारूनच पुढे जायचं, आणि चुकांची नोंद वेगळी ठेवायची. डोळे बारीक करून अक्षरं धूसर करणाऱ्याकडे लक्ष असू द्या. शब्द वाचताच आला नाही की अडथळाही घटतो.

मराठी कार्ड सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. इंग्रजी माध्यमातून आलेल्या, मराठी सावकाश वाचणाऱ्या मुलीत अडथळा कमी दिसला, तर तिचं अवधान जास्त चांगलं असा अर्थ काढू नका. तिचं मराठी वाचन तितकं आपोआप होत नसेल. सरावाची लिपी कोणती, हे अंतर्निरीक्षण अहवालात, म्हणजे प्रयुक्त स्वतःचा अनुभव सांगतो त्यात, विचारून घ्या.

हिशेब सोपा आहे. समजा दुसऱ्या कार्डाला 38 सेकंद लागले आणि तिसऱ्याला 62. फरक 24, म्हणजे दर नगामागे अर्धा सेकंद. एकाच प्रयुक्ताची दोन मोजमापं असल्यामुळे वर्गाच्या आकड्यांवर जोडीची टी-चाचणी (दोन सरासरींतला फरक योगायोगाचा आहे का ते तपासणारी) लावायची. प्रात्यक्षिकाच्या वहीत (जर्नलमध्ये) स्वतंत्र चल, म्हणजे प्रयोगात मुद्दाम बदललेली गोष्ट, म्हणून ‘रंग’ लिहिलेलं फार आढळतं, ते चूक आहे. रंग दोन्ही कार्डांवर तेच आहेत. बदलतं ते एवढंच, की शाई फुलीची आहे की दुसऱ्याच रंगाचं नाव सांगणाऱ्या शब्दाची.