भुताची तिथी

भर दुपारी शनिवारवाड्यात भुताची भीती कुणालाच वाटत नाही. खरं तर तेव्हाच वाटायला हवी. नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो दिवसाढवळ्या, सोमवारी, 30 ऑगस्ट 1773ला. तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवशी. म्हणजे गणपतीचे दिवस. 'काका, मला वाचवा' ही हाक मात्र ऐकू येते म्हणे पौर्णिमेच्या रात्री! कुणी अमावास्या सांगतं. पौर्णिमा निदान दोन दिवसांवर तरी होती, अमावास्येचा काय संबंध? आपल्याच मरणाची तिथी चुकवणारं भूत पेशव्यांच्या घरात कसं चालायचं?

बरं, ओरडत धावायला दालनं तरी कुठे उरलीत? 10 जानेवारी 1730ला, शनिवारी, पाया घातला आणि 22 जानेवारी 1732ला वास्तुशांत झाली. खर्च 16,110 रुपये. आतलं सगळं वैभव लाकडाचं: खांब, तुळया, कोरीव छतं. 1828च्या फेब्रुवारीत आग लागली ती कित्येक दिवस विझेना. आज आत जोती आहेत, कारंज्यांचे कोरडे हौद आहेत आणि हिरवळ. हजारी कारंजं तेवढं ओळखू येतं. सवाई माधवराव 1795ला वरून पडले ते या कारंज्यावर, असं सांगतात. त्यांचं भूत का नाही, कोण जाणे.

शाबूत आहे तो तट आणि दरवाजे. दिल्ली दरवाजा जवळून बघावा. जाड फळ्यांवर अणकुचीदार लोखंडी खिळे, हत्तीच्या कपाळाच्या उंचीला, म्हणजे धडक द्यायला आलेला हत्ती मागे सरकावा. दिंडी इतकी बेताची की आत शिरणारा वाकतोच, आणि वाकलेल्या माणसाला तलवार उपसता येत नाही. पुढे वाट सरळ नाहीच, लगेच वळते. धावत आलेल्यांचा जोर तिथेच मोडतो. बंदोबस्त चोख, फक्त बाहेरच्यांसाठी. मारेकरी गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, पेशव्यांच्याच चाकरीतले. थकलेल्या पगाराचा दंगा करत आत घुसले, त्यांच्यापुढे खिळे काय करणार!

'ध'चा 'मा' सगळ्यांना पाठ असतो. आनंदीबाईंनी एक अक्षर फिरवलं, 'धरावे'चं 'मारावे' झालं, संपलं. गोष्ट म्हणून झकास आहे. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी राघोबादादांना, म्हणजे त्या काकांनाच, तोंडावर दोषी ठरवलं, ते मात्र या गोष्टीच्या शेपटाला कसंबसं येतं.

काका 1783 साली कोपरगावला वारले. हाक अजून इथेच चालू आहे.

आणि चापाजी टिळेकर. नारायणरावांचा हुजऱ्या. वार चुकवायला धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि त्याच्याबरोबर तुटला. त्याची हाक कुठल्याच रात्री कुणाला ऐकू आलेली नाही.