आईच्या वहीतला दुसरा रकाना

नौपाड्यातल्या आमच्या घरात फ्रिजवर एक वही असते. तिच्यात ७८ वर्षांच्या माझ्या आईच्या आयएनआर तपासणीचे, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या तपासणीचे, आकडे तारखेनिशी लिहिलेले आहेत. तिच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यामुळे हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होण्याचा आणि ती मेंदूत जाऊन पक्षाघात होण्याचा धोका असतो. म्हणून ती वॉरफेरिन घेते.

या गोळीला सगळे ‘रक्त पातळ करणारी’ म्हणतात, पण रक्त काही पाण्यासारखे पातळ होत नाही. यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने रक्त गोठवणारे जे घटक तयार करते, त्या कामात ही गोळी अडथळा आणते. एरवी १ च्या आसपास असणारा आयएनआर आईच्या बाबतीत २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा असतो. त्यासाठी ‘के’ जीवनसत्त्व असलेली मेथी किंवा अळू सोडावे लागत नाही, फक्त दर आठवड्याचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे लागते.

गेल्या पावसाळ्यात गुडघे दुखतात म्हणून आईने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणवल्या आणि पाच दिवस घेतल्या. शौचाला डांबरासारखे काळे होत असल्याचे तिने संकोचामुळे दोन दिवस सांगितलेच नाही. रुग्णालयात नेले तेव्हा जठरातल्या रक्तस्रावामुळे हिमोग्लोबिन बरेच उतरले होते, आयएनआर मात्र २.७ होता. म्हणजे आम्ही ज्या आकड्यावर विसंबून निर्धास्त होतो तो अगदी योग्य होता. वेदनाशामकाने जठराच्या अस्तराला इजा केली होती आणि रक्त थांबवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्सचे कामही मंदावले होते, हे त्या आकड्यात दिसणारच नव्हते.

वॉरफेरिन काही दिवस बंद ठेवले, ते दिवस मला अधिक जड गेले, कारण आता भीती गुठळीची होती. ‘ती गोळी कायमचीच बंद करा’ असे आप्तांनी कळकळीने सांगितले. परंतु तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचाच असायला हवा, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते. त्यांनी ती पुन्हा सुरू केली.

आता वहीत दुसरा रकाना आहे. त्यात इतर प्रत्येक गोळी, अँटिबायोटिक, काढा आणि पडणे-आपटणे यांची नोंद होते. उतारवयात मेंदू किंचित आकसल्याने त्याच्यापासून कवटीच्या आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणलेल्या असतात; त्या साध्या धक्क्यानेही फाटू शकतात आणि त्याची लक्षणे कधी कधी काही आठवड्यांनी दिसतात. गेल्या महिन्यात कपाटाच्या दारावर डोके आपटल्याचे आईने स्वतःहून सांगितले, तेव्हा आम्ही त्याच संध्याकाळी सीटी स्कॅन करून घेतला. त्यात काही निघाले नाही, आणि तेही तिने वहीत स्वतःच्या हाताने लिहिले आहे.