बॅकअप जाईल हो, पण परत कसा येणार?

आमच्या ऑफिसच्या डेटाचा बॅकअप कुठे ठेवायचा यावरची मीटिंग अर्ध्या तासात आटपेल असंच सगळे धरून चालले होते. मुख्य ऑफिसातला १२ टीबी डेटा, त्यातला रोज बदलणारा ४० जीबीच्या आसपास. तो रात्री व्हीपीएनवरून (इंटरनेटमधूनच जाणारी सुरक्षित खासगी जोडणी) दुसऱ्या ऑफिसात जाणार आणि तिथे पुरवठादाराने सुचवलेला बारा डिस्कांचा रॅक सर्व्हर तो साठवणार. आमची अपलोड १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट, आणि आठ बिट म्हणजे एक बाइट), म्हणजे तासाला फार तर ४५ जीबी. व्हीपीएनचं ओझं वजा केलं तरी रात्र आरामात पुरते. कागदावर खोट काढायला जागा नव्हती.

तेवढ्यात लेखा विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "जातो कसा ते कळलं. इथला सर्व्हर जळाला तर हे सगळं परत यायला किती वेळ?"

"मॅडम, लाइन तीच आहे, म्हणजे रात्रभरात...", पुरवठादाराचा माणूस बोलता बोलता थांबला. रात्रभरात येतो तो रोजचा बदल. सर्व्हर जळाल्यावर आणायचे असतात पूर्ण १२ टीबी. शिवाय डेटा जाताना आमची अपलोड वापरतो, येताना तिकडची. आणि तिकडे साधं ब्रॉडबँड, डाउनलोड २०० आणि अपलोड २०. डाउनलोडचा आकडा मोठा दिसला की पुढचा आकडा कुणी वाचत नाही.

मी तिथूनच तिकडच्या सहकाऱ्याला फोन लावला, "अरे, दहा जीबीची एखादी फाईल इकडे पाठव बरं." प्रोजेक्टरवर कॉपीची खिडकी उघडी ठेवली. वेग सेकंदाला सव्वादोन एमबीच्या (मेगाबाइट) वर जाईना. मीटिंग पुढच्या विषयाकडे वळली, तोही संपला, हिरवी पट्टी आपली सरकतेच आहे. सव्वा तास लागला. १२ टीबी म्हणजे अशा बाराशे फायली. मॅडमनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला, १५०० तास. रात्रंदिवस चालवलं तरी दोन महिने.

"मग तिकडची लाइन वाढवा," कुणीतरी म्हणालं. वाढवली. म्हणजे कागदावर. तिकडे अपलोड १०० केली तरी अकरा दिवस, तेही लाइन एकदाही न तुटता.

मोठ्या पडझडीनंतर डेटा तारेवरून येणारच नाही, तो गाडीतून येईल, हे एकदा मान्य केल्यावर यादीतली एकेक वस्तू बदलत गेली. रॅक सर्व्हर बाद. तो उचलायला दोन माणसं लागतात. शिवाय तिकडे सर्व्हर रूम नाही, माणसं बसतात त्याच खोलीत ठेवायचा, आणि त्याच्या छोट्या पंख्यांचा आवाज दिवसभर कोण सहन करणार? त्याऐवजी सहा डिस्कांचा टॉवर, म्हणजे साध्या कॉम्प्युटरच्या खोक्यासारखा उभा सर्व्हर. आठ टीबीच्या सहा डिस्क, रेड ६ (दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा शाबूत राहील अशी मांडणी). दोन डिस्कांची जागा सुरक्षेत जाते, उरतात ३२ टीबी. (विंडोजमध्ये ते २९ दिसतील, हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर नंतर तीन टीबी कुठे गेले म्हणून फोन येतात.)

एकच डिस्क बिघडलेली चालणाऱ्या रेड ५ मध्ये एक डिस्क वाचली असती, पण बिघडलेलीच्या जागी आठ टीबीची नवी डिस्क पुन्हा भरायला सगळं सुरळीत असेल तरी पंधराएक तास जातात. त्या तासांत दुसरी गेली तर संपलंच. आणि हा खोका खड्ड्यांतून येणार आहे. डिस्क सीएमआर प्रकारच्याच (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणाऱ्या) हव्यात, हेही ऑर्डरवर लिहून घेतलं. स्वस्त पडतात म्हणून एसएमआर (पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या, म्हणून संथ) टाकल्या तर तेच पंधरा तास कित्येक दिवसांवर जातात.

वाचलेल्या पैशात मुख्य ऑफिसात दुसरा छोटा सर्व्हर बसला. चुकून उडालेल्या फायली त्याच्यावरून मिनिटांत परत येतील, त्यासाठी दुसऱ्या ऑफिसाला हात लावायची गरज नाही. टॉवरची पहिली पूर्ण कॉपीही इथेच, गिगाबिट स्विचवर करायची. तीसेक तास लागतील, मग तो तिकडे न्यायचा. रोजचा डेटा तिकडचा सर्व्हर स्वतः ओढून घेईल आणि त्याचा पासवर्ड इकडच्या एकाही मशीनवर नसेल. इकडे रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तरी त्याला तिकडचं दार उघडता येऊ नये एवढ्यासाठी.

शेवटी मॅडमच पुन्हा म्हणाल्या, "आणि गाडीतून खोकाच चोरीला गेला तर?" डिस्क एन्क्रिप्ट करायच्या, म्हणजे किल्लीच्या आकड्या-अक्षरांशिवाय वाचता येऊ नयेत अशा करायच्या, हे ठरलेलंच होतं, पण किल्ली कुठे ठेवायची यावर बराच वेळ गेला. मुख्य सर्व्हरवर ठेवली तर ती त्याच्याबरोबरच जळणार, टॉवरवर ठेवली तर चोरालाच मिळणार. अखेर ती कागदावर छापून दोन सीलबंद पाकिटांत घातली. एक लेखा विभागाच्या तिजोरीत, दुसरं बँकेच्या लॉकरमध्ये.