स्टेम हलेना, लूप थांबेना

चेंबूर-माहूल पट्ट्यात इन्स्ट्रुमेंटचं काम करताना एक वाक्य ऐकल्याशिवाय माझा आठवडा जात नाही : "मॅडम, लूप हंट करतोय, जरा ट्यूनिंग बघा ना." लूप म्हणजे मोजणारं मीटर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांची साखळी, हंट करणं म्हणजे सारखं वर-खाली होत राहणं, आणि ट्यूनिंग म्हणजे कंट्रोलरचे आकडे जुळवणं. प्लँटमध्ये काही हललं की खापर ट्यूनिंगवर. उद्या पंप खडखडला तरी हेच म्हणतील.

जुलैतली गोष्ट. पावसानं हार्बर लाइन रखडलेली, मी पोचेपर्यंत सकाळची शिफ्ट पार वैतागलेली. सॉल्व्हंटच्या डिस्टिलेशन कॉलमचा रिफ्लक्स फ्लो (वाफ थंड करून कॉलममध्ये परत सोडलेल्या द्रवाचा प्रवाह) रात्रभर वर-खाली होत होता, त्याच्यामागे वरच्या ट्रेचं तापमान, आणि सॅम्पल फेल. रात्रपाळीनं कंट्रोलरच्या पीआयडी सूत्राचे आकडे बदलत बदलत गेन, म्हणजे चुकीला किती जोरात उत्तर द्यायचं तो आकडा, निम्म्यावर आणून ठेवला होता. हेलकावे थांबले नव्हते, नुसते संथ झाले होते.

मी आधी ट्रेंड उघडला. फ्लोची रेघ सपाट, मग एकदम उडी, पुन्हा सपाट. कंट्रोलरचं आउटपुट मात्र तिरकं चढायचं, तिरकं उतरायचं. नुसतं ट्यूनिंग बिघडलं असतं तर दोन्ही रेघा गोलसर लाटा काढतात. कंट्रोलर मॅन्युअलला टाकायला लावला, आउटपुट 45 टक्क्यांवर स्थिर. थोड्या वेळात फ्लोही सरळ. म्हणजे दुखणं बाहेरून येत नव्हतं, लूपच्या आतच होतं.

रेनकोट चढवून फिटरकाकांबरोबर व्हॉल्व्हपाशी गेले. मीटरवर 11.2 मिलिअँप, 4 ते 20 च्या सिग्नलवर म्हणजे बरोबर 45 टक्के. वॉकीटॉकीवरून अर्धा-अर्धा टक्का वाढवायला सांगितला. 46, 47. सिग्नल वाढतोय, सिग्नलप्रमाणे व्हॉल्व्हला हवा देणारा पोझिशनर हवा वाढवतोय, आणि स्टेमवरची (व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या दांड्यावरची) खूण जागची हलत नाही. 48 ला 'टक्' झालं आणि स्टेम एकदम पुढे सरकला, पाहिजे होता त्याहून जास्त. पावसाळ्यात फुगलेलं दार ढकलताना होतं तसंच. अशा व्हॉल्व्हवर कंट्रोलरचा इंटिग्रल भाग बिचारा चूक साठवत बसतो, उडी जास्त झाली की उलट्या दिशेनं साठवायला लागतो. हे चक्र गेन कमी करून सुटत नाही. झीग्लर आणि निकोल्स यांची 1942 सालची ट्यूनिंगची रीत आजही वापरतात, पण तीही सांगितल्यावर व्हॉल्व्ह हलतो हे धरूनच चालते.

काकांनी ग्लँडचे, म्हणजे स्टेमभोवतीचं गळती अडवणारं पॅकिंग दाबून धरणाऱ्या भागाचे नट बघितले. "मॅडम, हे कोणीतरी जीव खाऊन आवळलेत." चौकशी केल्यावर कळलं, ग्लँडमधून सॉल्व्हंटचा वास येत होता म्हणून मेकॅनिकलवाल्यांनी आवळले होते. त्यांचंही चुकलं नाही, गळती तशीच कशी ठेवणार? पण लॉगबुकात एक ओळ नाही, आणि आम्हाला निरोप नाही. याचा मात्र मला राग आला.

आत सॉल्व्हंट असताना नट सैल करणं शक्यच नव्हतं. रिफ्लक्स बायपासवर घेतला, व्हॉल्व्ह आयसोलेट करून ड्रेन केला, पॅकिंग बदललं. कामापेक्षा परमिटच्या सह्यांना जास्त वेळ लागला. मग अर्ध्या टक्क्यालाही स्टेम सरकायला लागला, आणि मी फाइलमधले कमिशनिंगचे, म्हणजे प्लँट सुरू करतानाचे आकडे परत टाकले.

संध्याकाळी प्रॉडक्शन मॅनेजरांनी विचारलं, "शेवटी कुठले नंबर टाकलेत?"

"जुनेच."

त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. पण इथलं तापमान टेफ्लॉनला सहज झेपणारं आहे आणि ग्राफाइटपेक्षा ते स्टेमला कमी घासतं, म्हणून पुढच्या शटडाउनला पॅकिंगचा प्रकारच बदलायच्या मागणीवर त्यांनी मुकाट सही केली.