घाट उतरताना रडणारं बाळ: पाच महिन्यांच्या लेकीसोबत डोंगरातले दोन दिवस

खिंड ओलांडून गाडी पलीकडे उतरायला लागली आणि अर्ध्या तासापासून गाढ झोपलेली लेक किंचाळून उठली. तिचं भुकेचं रडणं मला कळतं, डायपर भरल्याचंही कळतं. हे रडणं तसलं नव्हतं. डोकं इकडून तिकडे घासत, मुठी आवळून ती रडत होती. जवळ घेतलं की शांत होईल, असं सारखं वाटत होतं, पण चालत्या गाडीत तिला सीटमधून काढायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं आणि घाटात तर मुळीच नाही.

मी मागे तिच्या शेजारीच बसले होते. पायाशी प्लास्टिकची रिकामी बाटली पडली होती. खिंडीत पाणी संपवून मीच तिचं झाकण घट्ट लावलं होतं. ती बाटली कोणी हात न लावता चेपत चालली होती, मधूनच कट्ट वाजत होती. तिच्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत खिंडीतली विरळ हवा आणि बाहेर खालची दाट हवा. माझ्या लेकीच्या कानाच्या पडद्यावरही बाहेरून असाच दाब पडत असणार.

"अरे, रुंद जागा दिसली की लगेच थांबव."

थांबल्यावर तिला पाजायला घेतलं. पहिले चार-पाच घोट रडतरडतच गेले, मग खांदे सैल पडले, मूठ उघडली. दोन मिनिटांत रडं थांबलं.

निघण्यापूर्वी डॉक्टरांनी तिचे कान-नाक तपासून दिले होते. सर्दी असेल तर घाट टाळा, असंही सांगितलं होतं. त्यामागचं कारण मला तिथे रस्त्याकडेला उमगलं. कानाच्या आतल्या पोकळीपासून घशापर्यंत एक नळी असते. चढताना आतली जास्तीची हवा तिच्यातून आपसूक बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरची हवा आत जायला ती नळी उघडावी लागते आणि ती उघडते गिळल्यावर, नाहीतर जांभई आल्यावर. तान्ह्या बाळाची नळी आखूड, अरुंद आणि जवळपास आडवी असते. सर्दीने ती सुजली तर आणखीच अडते. शिवाय झोपलेलं बाळ फार कमी वेळा गिळतं. म्हणजे "झोपलीय तोवर घाट उतरून घेऊ" हा आमचा बेतच उलटा होता.

तयारीत आमचा सगळ्यात जास्त वेळ कार सीटवर गेला आणि तो गेला ते बरंच झालं. मागे तोंड करून बसवायची सीट, मागच्याच बाकावर. पुढे एअरबॅग असते, तिथे अशी सीट कधीच लावायची नाही. खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरून बघायचा, चिमटीत घडी आली तर तो सैल आहे. वर थंडी असणार म्हणून मी तिला जाड जाकीट घातलं होतं, ते काढून ठेवलं. जाकिटावरून पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की जाकीट दबतं आणि पट्टा सैल पडतो. पातळ कपड्यांवर पट्टा आवळून वरून पांघरूण घातलं, छातीपर्यंतच.

एक गोष्ट मात्र कोणीच सांगितली नव्हती. मोठ्या चढावर गाडीचं नाक वर जातं आणि मागे तोंड केलेली सीट त्यामुळे जास्त उभी होते. पहिल्याच चढावर लेकीची हनुवटी छातीला टेकलेली मी पाहिली. एवढ्या लहान बाळाची मान अशी दुमडली तर श्वासाची वाट अरुंद होते. आम्ही थांबलो, सपाट जागी गाडी घेतली आणि सीट तिच्या खुणेच्या मर्यादेत आणखी कलती केली. त्यानंतर दोघांपैकी एकाने कायम मागे बसायचं, हे पक्कं झालं. सलग दोन तासांपेक्षा जास्त सीटमध्ये ठेवायचं नाही असं म्हणतात, आम्ही तासातासाला थांबलो. चार तासांचा रस्ता सात तासांचा झाला. अंधाराआधी मुक्कामी पोचलो एवढं मला पुरे होतं.

मुक्कामाचं गाव सुमारे १,४०० मीटरवर. दर १,००० मीटरला हवा साधारण ६ अंशांनी थंड होते, म्हणून कपडे एकावर एक घालता येतील असे घेतले होते. ती अंगावरच पिते, त्यामुळे बाटल्या-पावडरचा व्याप नव्हता. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणीही लागत नाही. फोनला रेंज नव्हती. नकाशा उतरवून घेतला होता, सगळ्यात जवळचा दवाखाना कुठे आहे तेही कागदावर लिहून ठेवलं होतं. तो कागद उघडावा लागला नाही, पण रात्री तिचा श्वास ऐकत पडले असताना तो उशाशी आहे याचा मला फार आधार वाटला.

रविवारी परत निघालो. खिंडीत पोचल्यावर तिला मुद्दाम उठवलं, पोटभर मात्र पाजलं नाही. खाली ९०० मीटर उतरायचं होतं. फोनमध्ये उंची दिसत होती, म्हणून त्याचे तीन टप्पे केले. दर ३०० मीटरला थांबायचं, थोडं पाजायचं, मग पुढे. मधल्या वेळात तोंडात चोखणी. नवऱ्याने गाडी दुसऱ्या गिअरवरच ठेवली. ब्रेक कमी लागले आणि दाबही हळूहळू वाढला. दुसऱ्या टप्प्यात तिने तोंड वाकडं केलं, कानाकडे हात नेला. "अगं, थांबू का?" त्याने विचारलं. मी हो म्हणेपर्यंत तिला मोठी जांभई आली आणि चेहरा निवळला.

खिंडीत बंद केलेली बाटली या वेळी मी हातात धरून बसले होते. पायथ्याला पोचलो तेव्हा ती दोन्ही बाजूंनी आत गेली होती. शेजारी लेक जागी होती, खिडकीतून मागे पळणारी झाडं टक लावून बघत होती.