तुम्ही विचारलंत म्हणून: थर्मोपिली म्हणजे नक्की काय?

ग्रीसला जाऊन आल्यापासून हे मला निदान वीस जणांनी विचारलं असेल, की थर्मोपिली (ग्रीसमधली ती चिंचोळी वाट, जिथे स्पार्टाचा राजा लिओनिडास आणि त्याचे ३०० जण पर्शियाच्या फौजेशी लढले) या नावात लिओनिडासचं, त्या ३०० जणांचं, लढाईचं काही आहे का हो? आपल्याकडे घोडखिंडीची पावनखिंड झाली, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे.

पण नाही. थर्मोस म्हणजे गरम (थर्मास, थर्मामीटर ही सगळी त्याच घरची मंडळी) आणि पिलाय म्हणजे दरवाजे. गरम पाण्याजवळची वेस म्हणा ना. इ.स.पू. ४८० मध्ये एवढं रक्त सांडलं तरी नाव पाण्याचंच राहिलं, आणि खरं सांगू, मला ते जास्त आवडतं. त्यात गंमत म्हणजे प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की बाकीचे ग्रीक थर्मोपिली म्हणतात पण तिथली माणसं नुसतं 'पिलाय' म्हणतात. गावातला माणूस कुठे पूर्ण नाव घेतो, तो म्हणणार 'वेशीपाशी ये'. आणि त्या गरम कुंडांना ते म्हणायचे खिट्रोय, म्हणजे मडकी!

दोन डोंगरांमधली खिंड मात्र शोधू नका, मी शोधली आणि फसले. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधून चिंचोळी वाट, ती तीन ठिकाणी आणखी आवळलेली, दोन ठिकाणी तर जेमतेम एक गाडी जाईल एवढी, म्हणून दरवाजे. आता स्पर्खिओस नदीच्या गाळाने समुद्र पार काही किलोमीटर मागे गेलाय, समोर सपाट शेतं आणि हायवे, लिओनिडासचा पुतळा (तो १९५५ चा), आणि गंधकाचा वास. झरे अजून वाहतात, हात घालून बघितला, चांगलंच गरम आहे पाणी.

ग्रीकांना ही सवयच होती म्हणा, अडचणीची वाट दिसली की पिलाय. आजच्या तुर्कस्तानातल्या टॉरस डोंगरातली किलिकियाची पिलाय, जिथून इ.स.पू. ३३३ मध्ये अलेक्झांडर खाली उतरला, मग सीरियाची, कॅस्पियनची, पर्शियाची.

आणि हा शब्द तुमच्या घरातही असेल बरं का. बाबांच्या एन्डोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये 'एच. पायलोरी' लिहून आलं होतं, तो जंतू पायलोरसच्या नावाचा, म्हणजे जठराच्या खालच्या तोंडाच्या, आणि ग्रीकमध्ये पिलोरोस म्हणजे दरवान. बाबांना सांगितलं तर म्हणाले, दरवान झोपला होता वाटतं.